मांजर सारखं खाजवतंय? खाणं तपासा


उत्तन, चौक, डोंगरी भागात मांजराला रोज मासळीच मिळते. पण मासे, कोंबडी, बीफ यांची काही मांजरांना अ‍ॅलर्जी असते. वर्षानुवर्षं तेच खाल्लं असलं तरी ती होऊ शकते. उंदरांपासून घर नि जाळी राखणारं मांजर खरूज समजून सोडून देऊ नका.

*ओळख:* बारा महिने खाज, डोकं-मान ओरबाडणं, केस जाणं, कधी उलटी-जुलाब. अ‍ॅलर्जी दुसऱ्या जनावराला लागत नाही, खरूज लागते. दूध पिऊन नुसते जुलाब होत असतील तर बहुधा दूध पचत नाही. ते बंद करा.

*उपाय:*
१) आधी पिसवा नि खरूज आहे का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.
२) त्यांच्या सल्ल्याने पूर्वी न खाल्लेलं एकच मांस (उदा. बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं मटण) ८ आठवडे द्या.
३) या काळात सुकटीचा तुकडाही नको. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.
४) खाज थांबली तर जुनं खाणं पुन्हा द्या. साधारण १४ दिवसांत खाज परतली, तर कारण सापडलं.

*सावधान:* नवं खाणं दिवसभर तोंडात घेतलं नाही तर उपाशी ठेवू नका, डॉक्टरांना विचारा. माणसाची पॅरासिटामॉल गोळी कधीच देऊ नका; मांजर दगावतं.