साहित्यिकाची मुलाखत : प्रश्नाचे स्वरूप आणि उत्तराचे मोल
(भिवंडीशी निगडित दोन उदाहरणांच्या आधारे)

१. विषयाची मांडणी

साहित्यिकांना आणि निरनिराळ्या क्षेत्रांतील जाणकारांना श्रोत्यांसमोर बोलते करणे, हा मराठी वाङ्मयीन व्यवहाराचा एक रुळलेला भाग आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे 'प्रतिभा आणि प्रतिमा' या कार्यक्रमाने लेखक-कलावंतांशी होणारा संवाद घरोघरी पोहोचवला. 'मॅजेस्टिक गप्पां'नी तो विलेपार्ल्याच्या रसिकांसमोर प्रत्यक्ष उभा केला. जयवंत दळवी यांनी 'साहित्यिक गप्पा : दहा साहित्यिकांशी' या पुस्तकात त्याला ग्रंथरूप दिले, तर सुधीर गाडगीळ यांनी प्रकट मुलाखतीला व्यासपीठावरील स्वतंत्र प्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. खासगी वाहिन्यांच्या काळात निखिल वागळे यांची 'ग्रेट भेट' आणि एबीपी माझा वाहिनीवरील 'माझा कट्टा' यांनी ही परंपरा पुढे चालवली.

या सर्व कार्यक्रमांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : आयुष्यातील संकटांना तुम्ही कसे सामोरे गेलात? श्रोत्यांना या प्रश्नाची ओढ असते आणि ती स्वाभाविकही आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकापुढे निराळा प्रश्न उभा राहतो. अशा संवादातून हाती येणाऱ्या मजकुराचे अभ्यासाच्या दृष्टीने मोल काय? लेखकाचे उत्तर पुरावा म्हणून स्वीकारावे, की ते केवळ त्या संध्याकाळपुरते संभाषण मानावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भिवंडी शहराशी निगडित दोन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. उत्तराचे मोल बोलणाऱ्याच्या कीर्तीवर किंवा त्याच्या वक्तृत्वावर फारसे अवलंबून नसते. प्रश्न त्याला कोणत्या स्थळापर्यंत, कोणत्या काळापर्यंत आणि कोणत्या कृतीपर्यंत घेऊन जातो, यावर ते ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. शब्द आणि पूर्वपरंपरा

'मुलाखत' हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ केवळ 'भेट' एवढाच. भिवंडीसारख्या शहरात, जेथे मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषाही रोज कानांवर पडतात, तेथे उर्दू भाषक 'मुलाक़ात' हा शब्द आजही त्या साध्या अर्थानेच योजतो. मराठीत मात्र या शब्दाला विशेष अर्थ चिकटले. तुरुंगातील कैद्याची नातेवाइकांशी होते ती मुलाखत, नोकरीच्या उमेदवाराची अधिकाऱ्यांसमोर होते ती मुलाखत आणि लेखकाची रसिकांसमोर होते तीही मुलाखतच. या तिन्ही प्रसंगांत बोलण्यावर कोणाची ना कोणाची देखरेख असते. पहिल्यात पहारेकऱ्याची, दुसऱ्यात निवड करणाऱ्याची आणि तिसऱ्यात श्रोतृसमुदायाची. साहित्यिकाची मुलाखत वाचताना ही तिसरी देखरेख विसरता येत नाही. टाळ्यांची अपेक्षा उत्तराला नकळत वळण देते.

मराठीत संवादाच्या नोंदीची परंपरा मात्र या शब्दाहून निराळी आणि फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यासाठी त्याने स्वामींच्या सहवासात आलेल्या व्यक्तींना गाठले, त्यांच्याकडून लीळा ऐकल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. लीळांमध्ये स्थळांचा निर्देश येतो, प्रसंगी कोण उपस्थित होते ते येते आणि निरनिराळ्या कथनांतील भेदही नोंदलेले आढळतात. 'स्वामींचा उपदेश काय होता?' एवढेच म्हाइंभटाने विचारले असते, तर सूत्रांचा संग्रह हाती आला असता. 'कोठे, कोणासमोर, काय घडले?' असे विचारल्यामुळे मराठीला तिचा आद्य गद्यग्रंथ मिळाला.

पाश्चात्त्य परंपरेतही याला समांतर उदाहरणे आहेत. एकरमान याने गटेशी झालेल्या संभाषणांचे पुस्तक १८३६ मध्ये प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९५३ मध्ये निघालेल्या 'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकाने पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि लेखकाच्या कामाच्या पद्धतीविषयी प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडला. पद्धतीविषयीच्या प्रश्नाला सहसा तपशिलानेच उत्तर द्यावे लागते, हे त्या मुलाखतींचे बळ होय.

३. पहिले उदाहरण : 'तमस'ची जन्मकथा

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. तिचे पडसाद जळगाव आणि महाड येथेही उमटले. न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या चौकशी आयोगाने या घटनांचा तपास केला. दंगलीनंतर चित्रपट-अभिनेते बलराज साहनी आपल्या सहकाऱ्यांसह भिवंडीत गेले. त्यांचे धाकटे बंधू, हिंदी कथाकार भीष्म साहनी त्यांच्यासोबत होते.

भीष्म साहनी यांचा जन्म १९१५ मध्ये रावळपिंडीला झाला. मार्च १९४७ मध्ये त्या शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत उसळलेला हिंसाचार त्यांनी पाहिला होता. 'आज के अतीत' या आत्मकथनात त्यांनी भिवंडीतील त्या भेटीचे वर्णन केले आहे. विणकरांच्या या गावात मागांची घरघर थांबलेली होती. आगीत मागांचे धातूचे भाग वितळले होते. ओसाड गल्ल्यांतून फिरताना स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता आणि ही शांतता आपण पूर्वी कधीतरी अनुभवली आहे, असे त्यांना जाणवले. दिल्लीला परतल्यावर लेखणी हाती घेतली तेव्हा मनात उभे राहिले ते रावळपिंडीचे दिवस. त्यातून 'तमस' ही कादंबरी आकाराला आली. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि गोविंद निहलानी यांनी केलेले तिचे चित्ररूप १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रक्षेपित झाले.

हे कथन आत्मकथनातील असले, तरी ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न मुलाखतकाराच्या नेहमीच्या परिचयाचा आहे : ही कादंबरी कशी सुचली? या उत्तराचे मोल दोन कारणांसाठी आहे. एक, ते कादंबरीच्या संहितेतून मिळणे शक्य नाही. 'तमस' घडते फाळणीपूर्व पंजाबात. नत्थू हा चर्मकार मुराद अलीच्या सांगण्यावरून डुक्कर मारतो, तेथून कथेला आरंभ होतो. तीत भिवंडी कोठेच नाही. १९७० चा अनुभव आणि १९४७ ची आठवण यांतील दुवा लेखकाने सांगितल्याखेरीज कोणाही वाचकाला सापडला नसता. दोन, हा दुवा कोणत्याही तत्त्वज्ञानातून आलेला नाही. थांबलेला माग, वितळलेला धातू आणि पावलांचा आवाज या तीन गोष्टींतून तो उभा राहतो. तेवीस वर्षे मनाच्या तळाशी पडून राहिलेली आठवण एका इंद्रियगोचर साम्याने जागी झाली. निर्मितिप्रक्रियेचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला 'दुःखातून साहित्य जन्मते' या सर्वसामान्य विधानापेक्षा हा तपशील कितीतरी अधिक शिकवून जातो.

याच लेखकाला 'धार्मिक विद्वेषाच्या आव्हानाला समाजाने कसे सामोरे जावे?' असे विचारले असते, तर उत्तर निःसंशय उदात्त मिळाले असते. पण ते अन्य कोणाही सज्जनाने दिले असते तसेच असते. लेखकाला संदेशवाहक बनवणाऱ्या प्रश्नाचा दोष येथे दिसून येतो. जे केवळ त्याच्यापाशीच आहे, ते असा प्रश्न मागतच नाही.

४. दुसरे उदाहरण : मोहल्ला समित्या

दुसरे उदाहरण ललित साहित्याबाहेरचे आहे. तथापि लेखकांबरोबर 'तज्ज्ञां'नाही व्यासपीठावर बोलावले जाते, म्हणून त्याचा विचार आवश्यक ठरतो. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर सुरेश खोपडे हे पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली. या अनुभवावर खोपडे यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकच प्रश्नरूप आहे : 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रयोगात रस वाटावा तो त्यातील संभाषणाच्या स्वरूपामुळे. दोन्ही समाजांतील सर्वसामान्य रहिवासी आणि पोलिस एकत्र बसत. ऐक्यावर व्याख्याने देण्याऐवजी वस्तीतील रोजच्या तक्रारी आणि लहानसहान भांडणे यांवर बोलणे होई. मोठा तंटा भडकण्याआधी लहान तंटा मिटवण्याची सवय लागली. एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे अफवेची खातरजमा करू लागली. प्रश्न लहान आणि नेमका ठेवल्यामुळे उत्तर देणाऱ्याला आपल्या अनुभवातूनच बोलावे लागते, हे तत्त्व वाङ्मयीन मुलाखतीला जितके लागू आहे, तितकेच ते या बैठकांत कार्यरत होते.

भिवंडीच्या शांततेचे श्रेय एकट्या या समित्यांना द्यावे काय, हा समाजशास्त्राच्या कक्षेतील प्रश्न आहे आणि एका अधिकाऱ्याच्या कथनावरून त्याचा निकाल लावता येत नाही. हीच सावधगिरी मुलाखतीच्या बाबतीतही बाळगावी लागते. कर्ता आपल्या कृतीचे वर्णन विश्वसनीयपणे करू शकतो. त्या कृतीच्या परिणामाचा तो एकमेव साक्षीदार मात्र नसतो.

५. एक आक्षेप आणि त्याचा विचार

विम्सॅट व बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी 'लेखकाचा मृत्यू' घोषित केला. या भूमिका स्वीकारल्यास मुलाखतीचे प्रयोजनच उरत नाही, असा आक्षेप घेता येईल.

परंतु हा आक्षेप मुलाखतीतील एकाच प्रकारच्या उत्तरांना बाधक ठरतो. 'माझ्या कादंबरीचा अर्थ असा आहे' हे लेखकाचे विधान अंतिम मानता येत नाही, हे मान्यच करावे लागेल. अर्थनिर्णयाच्या बाबतीत लेखक हा आपल्या कृतीचा एक वाचक असतो. 'अमुक वर्षी मी अमुक ठिकाणी होतो आणि मला अमुक आठवले' हे विधान मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते निर्मितीच्या इतिहासातील साक्ष आहे आणि इतर साक्षींप्रमाणे ते तपासता येते. भीष्म साहनी यांचे कथन 'तमस' चांगली की वाईट हे ठरवत नाही. ती केव्हा आणि कशामुळे लिहिली गेली, एवढेच ते सांगते. या दोन पातळ्यांची गल्लत टाळली, तर हेतुनिष्ठतेचा दोष न पत्करता मुलाखतीचा उपयोग करता येतो.

६. अभ्यासपद्धतीविषयी काही सूचना

पदव्युत्तर प्रबंधिकांत मुलाखतींचे उतारे पुष्कळदा शेवटी परिशिष्टात जोडलेले असतात किंवा आधीच काढलेल्या निष्कर्षाला दुजोरा म्हणून योजलेले असतात. या सामग्रीचा उपयोग अधिक काटेकोरपणे व्हावा, यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

(अ) मुलाखतीचा प्रकार प्रथम निश्चित करावा. ध्वनिमुद्रित, श्रोत्यांसमोर झालेली, लेखी प्रश्नोत्तरांची आणि संपादित होऊन छापलेली, अशा मुलाखतींची विश्वसनीयता सारखी नसते. दूरचित्रवाणीवर वेळेची मर्यादा आणि संकलकाची कात्री असते. छापील मुलाखतीत भाषा कोणाची, लेखकाची की शब्दांकन करणाऱ्याची, हा प्रश्न उरतो.

(आ) घटना आणि कथन यांतील काळाचे अंतर नोंदवावे. भिवंडीची भेट १९७० ची आणि 'आज के अतीत' लेखकाच्या उत्तरायुष्यातील. मधल्या काळात कादंबरीला मिळालेल्या कीर्तीचा आठवणीवर परिणाम झाला असणे शक्य आहे. म्हणून ती आठवण त्याज्य ठरत नाही, पण अन्य साधनांशी ताडून पाहावी लागते.

(इ) त्याच प्रश्नाला लेखकाने निरनिराळ्या वेळी दिलेली उत्तरे शेजारी ठेवावीत. म्हाइंभटाने कथनभेद पुसून टाकले नाहीत. अभ्यासकानेही पुसू नयेत. उत्तर घोटले जाऊन गुळगुळीत झाले असेल, तर तेही नोंदवण्याजोगे निरीक्षण आहे.

(ई) प्रश्नाची मूळ शब्दरचना जतन करावी. केवळ उत्तरे उद्धृत केल्यास सूचक प्रश्नाने वदवून घेतलेले वाक्य लेखकाचे स्वयंस्फूर्त विधान वाटण्याचा धोका असतो.

(उ) स्वतः मुलाखत घेताना 'आव्हान', 'संघर्ष', 'प्रेरणा' यांसारखे व्यापक शब्द प्रश्नात शक्यतो टाळावेत. यंत्रमाग कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत आल्या आहेत. अशा पाळीत काम करून लिहिणाऱ्या भिवंडीतील एखाद्या कवीला 'जीवनसंघर्षाने तुम्हाला काय दिले?' असे विचारण्याऐवजी लिहिण्याची वेळ कोणती, कागद कोठे ठेवता, मागांच्या आवाजात ओळ मनात कशी धरून ठेवता आणि पहिल्यांदा ती कोणाला, कोणत्या भाषेत ऐकवली, असे विचारावे. संघर्षाचे स्वरूप या उत्तरांतून आपोआप स्पष्ट होईल, आणि ते त्या कवीचेच असेल.

७. समारोप

साहित्यिकांशी आणि तज्ज्ञांशी होणाऱ्या प्रकट संवादांचे ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि शब्दांकन यांचा मोठा साठा महाराष्ट्रात तयार झाला आहे. त्याकडे करमणूक म्हणून पाठ फिरवणे किंवा लेखकाचे वचन म्हणून तो जसाच्या तसा शिरोधार्य मानणे, या दोन्ही भूमिका अभ्यासाला मारक आहेत. भिवंडीच्या ओसाड गल्लीत एका लेखकाला ऐकू आलेला पावलांचा आवाज आणि त्याच शहरातील बैठकांत सोडवले गेलेले किरकोळ तंटे, ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट दर्शवतात. जीवनातील मोठ्या संकटाविषयीचे खरे ज्ञान बोलणाऱ्याला त्या संकटातील एका नेमक्या क्षणापाशी नेल्यानंतरच हाती लागते. महाविद्यालयीन विभागांनी आपापल्या परिसरातील लेखकांच्या मुलाखती या दृष्टीने घेऊन त्या प्रश्नांसह, दिनांकासह आणि असंपादित ध्वनिमुद्रणासह जतन केल्या, तर पुढील संशोधकांना त्यांतून निर्मितिप्रक्रियेच्या अभ्यासाची भरवशाची साधने उपलब्ध होतील.