घरची वही, कामाची वही

बँकेत आम्हाला रोज जे प्रश्न विचारले जातात त्यांतले पुष्कळसे तारखांचे असतात. माझी ठेव कधी पुरी होते? विम्याचा हप्ता गेला का? हयातीचा दाखला द्यायचा राहिला का? उत्तरे आमच्या संगणकात असतात, पण ती तुमच्या घरातही असायला हवीत. त्यासाठी एक दोनशे पानी वही, एक पेन आणि महिन्यातला एखादा तास पुरतो.

खर्च नोंदवण्याची मोबाईल ॲप आहेत. वापरत असाल तर खुशाल वापरा. तरीही कागदाची वही लागते, कारण मोबाईलला कुलूप असते आणि ते एकाच माणसाला उघडता येते. तो माणूस अचानक दवाखान्यात भरती झाला, तर कोणत्या बँकेत काय आहे हे घरच्यांना कळत नाही.

एक ताई नवऱ्याच्या निधनानंतर त्यांचे बचत खाते बंद करायला आल्या होत्या. शिल्लक थोडीच होती. पासबुकात मात्र दर वर्षी मेअखेरीला ४३६ रुपये वजा झालेले दिसत होते. ताई म्हणाल्या, "तो बँकेचा चार्ज असेल." ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना होती. तिच्यात २ लाख रुपयांचे विमा संरक्षण असते. नोंद कुणीतरी नीट वाचली म्हणून दावा करता आला. घरातल्या एखाद्या वहीत 'मे महिना, ४३६ रुपये, आयुर्विमा' एवढी ओळ असती, तर ती कुणी वाचण्यावर अवलंबून राहावे लागले नसते.

वही कशी मांडायची

आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या घरी कीर्द आणि खतावणी पिढ्यान् पिढ्या लिहिली जाते. दिवाळीत वहीपूजन होते, पाडव्याला नवी वही सुरू होते. घरखर्चाला मात्र अशी वही क्वचितच असते. दुधाचा हिशेब दिनदर्शिकेच्या चौकोनात, वाण्याची उधारी त्याच्याच डायरीत, आणि ठेवीची पावती साड्यांच्या खाली! जपानमध्ये मोतोको हानी या बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी हिशेबाची वही तयार केली. तिला काकेइबो म्हणतात आणि तिथे ती आजही लिहिली जाते. आपल्याला छापील वहीची गरज नाही. रेघी साधी वही पुरते. दुकानातून फुकट मिळालेली डायरीही चालेल, पण तिची पाने तारखांनी बांधलेली असतात आणि फेब्रुवारीनंतर ती बहुतेक कोरीच राहते.

वही आणली की सगळ्या पानांना क्रमांक घाला. पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी सोडा. हे कंटाळवाणे काम आधीच करून टाका, कारण क्रमांक नसलेल्या वहीत सहा महिन्यांनी काहीही सापडत नाही.

तुम्ही नोकरी करत असाल तर एकच वही पुरेल. शिवणकाम, भाजीची गाडी, रिक्षा, शिकवणी, डबे असा काहीही व्यवसाय असेल तर दोन वह्या ठेवा आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका. त्याचे कारण पुढे येईल.

घरच्या वहीचे सर्वांत मोलाचे पान म्हणजे वर्षाच्या तारखांचे. बँकेचे आणि करखात्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून महिने एप्रिलपासून मार्चपर्यंत लिहा. वही कोणत्याही महिन्यात सुरू केली तरी हरकत नाही. जानेवारीची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

एप्रिलसमोर लिहा: ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापला जाऊ नये म्हणून द्यायचा फॉर्म, अर्थात तुम्ही त्याला पात्र असाल तर. त्याच ओळीत, पीपीएफ खाते असेल तर '५ तारखेच्या आत' असे लिहा. पीपीएफचे व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर धरतात. म्हणजे ३ तारखेला भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे व्याज मिळते, ८ तारखेला भरलेल्या रकमेला मिळत नाही. तुम्ही दरमहा १,००० रुपये भरता आणि व्याज ७.१ टक्के आहे असे धरा. दर महिन्याला ५ तारीख चुकवली, तर प्रत्येक हप्त्यावर सुमारे ६ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ७१ रुपये हातचे जातात. रक्कम लहान आहे हे खरे. पण हे खाते १५ वर्षांचे असते, गेलेल्या व्याजावरचे व्याजही जाते, आणि ते वाचवायला तारखेपलीकडे काहीच लागत नाही. वर्षभराचे दीड लाख एकदम भरणाऱ्याने एप्रिलची ५ तारीख चुकवली, तर त्याचे सुमारे ८८८ रुपये जातात.

मेसमोर लिहा: खात्यात किमान ४५६ रुपये शिल्लक. त्यातले ४३६ रुपये वर सांगितलेल्या आयुर्विम्याचे आणि २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे, म्हणजे अपघात विम्याचे. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. शिल्लक नसेल तर तो वळता होत नाही आणि संरक्षण थांबते. मे महिन्यात लग्नाकार्यात खाते रिकामे झालेले असते, म्हणून ही ओळ लाल शाईने लिहिली तर बरे.

नोव्हेंबरसमोर पेन्शनरांनी हयातीचा दाखला लिहावा. ८० वर्षांवरील केंद्र सरकारी पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. मार्चसमोर पीपीएफचे किमान ५०० रुपये आणि सुकन्या समृद्धीचे किमान २५० रुपये. ही रक्कम राहिली तर खाते खंडित होते आणि ते पुन्हा चालू करायला दर वर्षामागे ५० रुपये दंड पडतो. बाकी शाळेची फी, घरपट्टी, गाडीचा विमा, आयुर्विम्याचे स्वतंत्र हप्ते, हे ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे.

ठेवींची पाने

प्रत्येक बँकेला एक स्वतंत्र पान द्या. वर बँकेचे आणि शाखेचे नाव लिहा. खाली प्रत्येक ठेवीसाठी एक ओळ: पावती क्रमांक, रक्कम, व्याजदर, ठेवल्याची तारीख, पुरी होण्याची तारीख, नामनिर्देशन कोणाचे, आणि पावती घरात कुठे ठेवली आहे. 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण: हो / नाही' हेही लिहा. नूतनीकरण झाले नाही आणि पैसेही काढले नाहीत, तर मुदतीनंतर त्या रकमेला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. तीन वर्षे विसरलेली ठेव तीन वर्षे अर्धपोटी राहते.

बँकवार पाने करण्याचा आणखी एक फायदा आहे. पानाच्या तळाशी बेरीज केली की त्या बँकेत तुमचे एकूण किती आहेत ते दिसते. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे विभागले तरी मर्यादा तीच राहते. गावाकडच्या पतसंस्थेत पैसे असतील तर त्याचे पान वेगळे करा आणि वर ठळक लिहा: 'विमा नाही'. सहकारी बँकेला हा ठेव विमा लागू असतो, पतसंस्थेला नसतो. नावात सहकारी आले की दोन्ही एकच, असा समज अजून पुष्कळांचा आहे.

मराठी माणसे कामासाठी इंदूर, सुरत, हैदराबाद, बेळगाव अशी कुठे कुठे स्थिरावलेली असतात आणि त्यांचे पहिले खाते मात्र गावाच्या शाखेत राहिलेले असते. अशा खात्यासाठी एक जास्तीची ओळ लिहा: कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे. जुने सिमकार्ड बंद झाले की बँकेचे संदेश तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे तसेच पडून राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही ती तुमचीच असते आणि बँकेकडे दावा करून परत मिळते. वडिलांचे कुठे काही राहिले आहे का, हे शोधायला रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे. पण वडिलांनी वही ठेवली असती तर हा शोध करावाच लागला नसता.

नामनिर्देशनाबद्दल एक खुलासा. वहीत पत्नीचे नाव लिहिले म्हणून बँकेत ते लागत नाही. बँकेचा फॉर्म भरावा लागतो, आणि भरल्यावर पोच घेऊन तिचा क्रमांक वहीत लिहावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. नॉमिनीकडे पैसे येतात ते वारसांच्या वतीने. मालकी कोणाची हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते.

कामाच्या वहीत काय दिसते

आता दुसरी वही. घरी ब्लाऊज-ड्रेस शिवणाऱ्या एका ताईंचा महिना समजा असा आहे. आकडे कल्पित आहेत. हातात आलेले पैसे २४,६०० रुपये. दोरा, अस्तर, बटणे ७,९००. गाळ्याचे भाडे ३,५००. वीज ९००. यंत्राची दुरुस्ती ६००. खर्चाची बेरीज १२,९००, म्हणून उरले ११,७००. घरखर्चाला ११,००० गेले आणि ताईंनी ७०० रुपये आवर्ती ठेवीत टाकले. एकच डबा आणि एकच वही असेल तर हा महिना बरा गेला असेच वाटेल.

कामाच्या वहीत शेवटून दोन पाने उलटी लिहायला घ्या. एकावर 'आगाऊ आलेले', दुसऱ्यावर 'उधारी'. ताईंच्या २४,६०० मध्ये ३,००० रुपये पुढच्या महिन्यात शिवायच्या कपड्यांचे आगाऊ आलेले आहेत. ते काम झालेले नाही, म्हणून ती कमाई धरता येत नाही, ते ताईंवरचे देणे आहे. उलट शिवून दिलेल्या कपड्यांचे १,२०० रुपये अजून यायचे आहेत, ती कमाई आहे. मागच्या महिन्याचे येणे-देणे काही नाही असे धरू. मग या महिन्याची खरी कमाई ११,७०० वजा ३,००० अधिक १,२००, म्हणजे ९,९०० रुपये. घरात गेले ११,०००. म्हणजे ७०० रुपये शिल्लक पडलेच नाहीत, १,१०० रुपयांची तूट आली आणि ती गिऱ्हाइकांच्या आगाऊ पैशांतून भरली गेली. पुढच्या महिन्यात कपडे शिवायचे आहेत पण अस्तर आणायला पैसे नाहीत, अशी वेळ येते ती इथून. मग सोने गहाण पडते किंवा महिना ३ टक्क्यांनी उसने घेतले जाते. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे उसने घेताना कुणी मोठ्याने म्हणत नाही.

उपाय फारसा अवघड नाही. धंद्याच्या पैशातून स्वतःला दरमहा ठरलेली रक्कम द्या, पगारासारखी, आणि तीच घरच्या वहीत जमा लिहा. ताईंसाठी सुरुवातीला ९,००० ठीक राहतील. मधेच जास्त लागले तर घ्या, पण 'उचल' म्हणून लिहा. तीन महिने उचल दिसली, तर शिलाईचे दर वाढवायचे की घरचा खर्च कमी करायचा, हे तरी बोलता येईल.

रोजच्या नोंदीत फार बारकाई करू नका. चहा, पेन्सिल, कोथिंबीर वेगवेगळी लिहिणारे आठवड्यात थकतात. 'किरकोळ' अशी एक रक्कम लिहिली तरी चालते. यूपीआयने दिलेले पैसे मात्र त्याच रात्री लिहा. ते हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणून सर्वांत आधी तेच विसरले जातात.

काय लिहायचे नाही

एटीएमचा पिन, यूपीआय पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड, कार्डामागचा तीन आकडी क्रमांक यांतले काहीही वहीत लिहू नका. नावे उलटी लिहून किंवा आकडे पुढेमागे करूनही नको. वही चोरीला गेली आणि तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असे ठरले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमच्यावर येते. आधारचे आणि खात्याचे शेवटचे चार आकडे ओळख पटायला पुरतात. पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला मात्र दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा: तुमच्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक आणि सायबर फसवणुकीची मदतवाहिनी १९३०. त्या क्षणी शोधाशोध करायला कुणालाच सुचत नाही.

वही कुठे आहे हे घरातल्या किमान एका माणसाला माहीत हवे, आणि ती एकदा त्याच्यासमोर उघडून पानोपान दाखवावी. ठेवींच्या पानांची एक झेरॉक्स बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवा. मार्चअखेरीला पासबुके छापून आणा, शिलका वहीशी जुळवा आणि चालू ठेवी नव्या वहीत उतरवा. पुऱ्या झालेल्या ठेवीवर आडवी रेघ मारून पैसे कोणत्या खात्यात गेले ते शेजारी लिहा. जुनी वही रद्दीत देऊ नका. तिला वर्ष लिहिलेली चिठ्ठी डकवून पावत्यांच्या फायलीतच ठेवा.