दोन टोकं

चि. ओंकार,


परवा तुझ्या आईचा फोन आला. "पोराला सारखं पित्त होतंय, रोज गोळी खातोय," म्हणाली. मी हॉस्टेलवर आले होते तेव्हा तुला जेवताना पाहिलंय. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात पोळीची सुरळी, पाच मिनिटांत ताट चाटूनपुसून साफ आणि लगेच गादीवर आडवा. तुझे मित्र होते म्हणून गप्प बसले.

आधी एक दुरुस्ती. मास्तरीणबाईची खोड म्हण. छातीत जळजळतं ते पित्त नव्हे, जठरातलं आम्ल. तट्ट भरल्या पोटी आडवं झालं की ते वर अन्ननलिकेत चढतं. जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं, म्हणून ते स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेला तसलं चिलखत नाही. खरं पित्त हिरवट-पिवळं. ते यकृतात तयार होतं आणि लहान आतड्यात उतरून तेला-तुपाचे बारीक थेंब करतं. बिचारं उगाच बदनाम झालंय.

तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नाची ही नळी आठ-नऊ मीटर भरते. त्यातलं सहाएक मीटर नुसतं लहान आतडं. आजी वजडी धुवायची तेव्हा तो टॉवेलसारखा पापुद्रा तू बोटाने चाचपायचास, आठवतं? ते बोकडाचं पोट. आपल्या लहान आतड्यालाही आतून तशीच लव असते, फक्त जेमतेम मिलिमीटरभर उंचीची. अन्नातलं सत्त्व रक्तात जातं ते तिथून. पण तिथे दात नाहीत. जठर घुसळतं, चावत नाही. घास गिळला की पुढचा कारभार तुला न विचारता चालतो. एवढ्या लांबलचक नळीत तुझं चालतं ते दोन टोकांना.

आज भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घे आणि मिनिटभर चावत राहा. गोड लागेल. लाळेने पिठाची साखर करायला घेतलेली असते. मोबाइल पालथा ठेव, नाहीतर कळायचंसुद्धा नाही.

दुसऱ्या टोकाबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मोठं आतडं पाणी शोषतं. कळ दाबून धरलीस तरी त्याचं शोषणं चालूच राहतं आणि मळाचा खडा होतो. मी शिकवायचे त्या शाळेत बायकांचं स्वच्छतागृह पाय ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं. सकाळी सात ते साडेबारा, वर्षानुवर्षं दाबून धरलं. फळ्यावर मोठं आतडं काढून मुलांना समजावायचे आणि स्वतः मात्र घंटेची वाट बघायचे. तू चौथीत असताना "आत्या गावाला गेलीय" असं तुला सांगितलं होतं ना, तेव्हा माझं मूळव्याधीचं ऑपरेशन होतं.

गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नकोस, डॉक्टरांना दाखव. दिवाळीनंतर ये. वजडी मी धुते, चावायचं काम तुझं. चिवट असते ती, पाच मिनिटांत उरकणार नाही.

तुझी,
आत्या