‘राइस’ या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता?

भाषांतरास बसले म्हणजे अवघड शब्द आपणांस अडवितात, अशी विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. आमचा अनुभव याच्या उलट आहे. अवघड शब्द दिसताच विद्यार्थी कोश उघडतो आणि त्याची चूक टळते. सोपा शब्द दिसला म्हणजे तो कोशही उघडीत नाही आणि विचारही करीत नाही. नेमका तेथेच तो फसतो. इंग्रजीतील ‘राइस’ हा असाच एक सोपा शब्द होय. ज्याच्या अंगणापर्यंत बांध्या आलेल्या आहेत, अशा भंडारा जिल्ह्यातील मुलास हा शब्द अडेल असे कोणास वाटणार? तथापि या शब्दापायी एकदा विद्यार्थी नव्हे, तर आम्ही स्वतःच फसलो. ती हकिकत प्रथम सांगून मग धड्याकडे वळू.

आठवीच्या वर्गास आम्ही तीन इंग्रजी वाक्ये भाषांतराकरिता दिली होती. शेतात ‘राइस’ पिकला आहे, हे पहिले; बाजारातून पाच किलो ‘राइस’ आण, हे दुसरे; आणि ताटात ‘राइस’ वाढला आहे, हे तिसरे. चिखल्याच्या एका मुलाने त्या एकाच शब्दासाठी अनुक्रमे ‘धान’, ‘तांदूळ’ व ‘भात’ असे तीन शब्द लिहिले. आम्ही तांबड्या शाईने त्यातील ‘धान’ खोडून वर ‘भात’ लिहिले आणि एक गुण कमी केला. पुस्तकांत ‘भातशेती’ असते, सबब ‘धान’ हा केवळ गावठी शब्द, असे आमचे मत होते. चार दिवसांनी मुलाचे वडील शाळेत आले. ते खदानीत कामास जातात. घरी थोडी शेतीही आहे. वही आमच्यापुढे ठेवून ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “गुरुजी, आमच्या बांधीत धान होते जी, भात त चुलीवर होते.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, कारण उत्तर नव्हतेच. जो भेद त्या मुलाने बरोबर ओळखला होता, तोच आम्ही पुसून टाकला होता.

आता हा भेद नीट पाहू. टरफलासकट दाणा, तसेच शेतात उभे असलेले पीक, ते धान. गिरणीत टरफल निघाले म्हणजे तोच दाणा तांदूळ झाला. तांदूळ शिजला म्हणजे भात झाला. इंग्रजीत या तिन्हींस ‘राइस’ म्हणता येते. टरफलासकट दाण्यासाठी इंग्रजांनी ‘पॅडी’ हा शब्द घेतला आहे. पण तोही त्यांच्या घरचा नव्हे, मलायी भाषेतून आलेला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘शेतात भात पिकला’ हे वाक्य सर्वत्र चूक आहे असे नव्हे. कोकणात व मावळात उभ्या पिकास भातच म्हणतात, आणि ताटातल्यासही भातच. देशावर काही ठिकाणी ‘साळ’ म्हणतात. तिकडे भाताची लावणी होते, आपणांकडे धानाची रोवणी. तिकडचा पेंढा, आपली तणीस. तिकडची रोपे, आपले पऱ्हे. कोकणातील मुलाने ‘भात’ लिहिले असते तर तेही शुद्धच ठरले असते. आमची चूक ‘भात’ शब्दात नव्हती. एका प्रांताचा शब्द खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असे मानण्यात होती.

‘खदान’ या शब्दाचेही असेच आहे. चिखल्यास मँगनीजची खदान आहे आणि तेथील प्रत्येक मूल तिला खदानच म्हणते. पुस्तकांत मात्र ‘खाण’ असते. आपला जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता व हिंदी भाषेचा शेजार तर आजही आहे. तेव्हा असे शब्द आपल्या तोंडी असावेत यात नवल नाही. पुण्याच्या वाचकास लिहिताना ‘खाण’ लिहावे. घरच्या माणसांत ‘खदान’ म्हणण्यास मुळीच लाजू नये.

शब्दाची निवड ही केवळ गुणांची बाब आहे, असेही कोणी समजू नये. सरकारी व्यवहारात 100 किलो धानामागे 67 किलो कच्चा तांदूळ गिरणीवाल्याने द्यावा, असे प्रमाण धरलेले आहे. हमीभावाने शेतकऱ्याकडून खरेदी होते ती धानाची. ज्या घरात शिकलेला मुलगाच कागद वाचून दाखवितो, तेथे त्याने ‘राइस’ आणि ‘पॅडी’ यांची गल्लत केली, तर एक तृतीयांश वजनाचा घोटाळा होतो. वडील त्याच्या शब्दावर विश्वासून अंगठा उठवितात किंवा सही करितात. म्हणून हा धडा पालकांनीही वाचावा, अशी आमची विनंती आहे.

हा पेच एकट्या मराठीचा नव्हे. इंग्रजीत मासा पाण्यात असो की ताटात, तो ‘फिश’च. स्पॅनिश भाषेत मात्र पाण्यात पोहणारा तो ‘पेस’ आणि खाण्याकरिता धरून आणलेला तो ‘पेस्कादो’. इंग्रजीतील ‘कॉर्नर’ खोलीच्या आतला असेल तर स्पॅनिश मनुष्य त्यास ‘रिन्कोन’ म्हणतो, आणि रस्त्यावरचा बाहेरचा कोन असेल तर ‘एस्किना’. उलट ‘राइस’ला त्याचा ‘आरोस’ हा एकच शब्द शेतापासून ताटापर्यंत पुरतो. प्रत्येक भाषेने आपापल्या ठिकाणी भेद केले आहेत. एकीचे भेद दुसरीत जसेच्या तसे सापडतील अशी अपेक्षा व्यर्थ होय.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यांसही हा प्रश्न पडलाच असेल. इंग्रजीतील ‘ब्रेड’ या शब्दाच्या जागी मराठी शास्त्रात ‘भाकर’ हा शब्द आढळतो. ‘पाव’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द वस्तूच्या रूपाने अधिक जवळचा होता. तरी ज्यासाठी गरीब मनुष्य दिवसभर घाम गाळतो तिचे नाव मराठीत भाकर आहे. आपल्या जिल्ह्यात पुष्कळांच्या घरी दोन्ही वेळा भातच असतो. तरी प्रार्थनेतील भाकर म्हणजे आपले रोजचे अन्न, हे लहान मुलासही सांगावे लागत नाही.

आता नियम सांगतो. सोपे नाम आले की लेखणी टेकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. पहिला, वस्तू कोणत्या अवस्थेत आहे? दुसरा, तिच्यासोबत क्रियापद कोणते आहे? धान रोवतात, कापतात, चुरतात, तांदूळ निवडतात, धुतात, भात वाढतात. तिसरा, वाचणारा कोण व कोठचा? कोश आपणांस शब्दांची यादी देतो. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये निघाला. तेव्हापासून कोशांनी आपले काम चोख केले आहे. परंतु त्या यादीतून एक शब्द उचलणे हे काम कोश करीत नाही. ते आपणांसच करावे लागते.

त्या मुलाचा एक गुण आम्ही दुसऱ्याच दिवशी वर्गासमक्ष परत दिला, आणि खोडलेला शब्द पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिला.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत एवढे करावे. पऱ्हे टाकण्यापासून ताट वाढेपर्यंत धानासंबंधी जितके शब्द घरात बोलले जातात, तितके आई, वडील व आजी यांना विचारून वहीत उतरून आणावे. पालकांनी सांगण्याचा कंटाळा करू नये. जे शब्द आम्हांस ठाऊक नसतील, ते आम्हीही आमच्या वहीत लिहून घेऊ.