बुलबुलाचं पिल्लू अंगणात सापडलं, तर?

प्रश्न : जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू पडलेलं होतं. पिसं आहेत, पण उडता येत नाही. मी उचलून खोक्यात ठेवलं. माणसाचा हात लागल्यामुळे आई आता त्याला घेणार नाही ना? दूध-पोळी देऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. हा समज फार जुना आहे, पण चुकीचा. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना खालीच किडे, फळं भरवतात. तेव्हा ते जास्वंदीच्या दाट फांदीवर ठेवा, मांजर-कुत्रं आवरा आणि लांबून तासभर तरी पाहा. बहुधा आईबाप येतीलच. पिसं न फुटलेलं पिल्लू असेल, तर ते घरट्यातच परत ठेवावं.

दूध-पोळी मुळीच नको, ती पचत नाही. चोचीत पाणीही सोडू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू दगावतं. आईबाप फिरकलेच नाहीत किंवा पिल्लू जखमी असेल, तर हवेशीर खोक्यात मऊ कापडावर उबेत, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मदतीला वेळ लागणार असेल आणि पिल्लू अंगाने उबदार असून स्वतःहून चोच उघडत असेल, तरच उकडलेल्या अंड्याचा किंवा पिकलेल्या पपईचा मऊ कण द्या. मांजराने धरलेलं पिल्लू मात्र वरून धडधाकट दिसलं तरी लगेच पशुवैद्यांकडे न्या. लळा लागतो हे खरं, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने बुलबुल घरी पाळता येत नाही.