एक छत्री, अनेक संच

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी दूरचित्रवाणी संच असे. पुढे घरोघरी संच आले आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे जणू रानच माजले. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी ॲनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाली. काड्यांच्या जागी छत्री, म्हणजेच डिश आली. एका साधनावर चार संच कसे चालवावेत, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

शाळांना तो विशेष भेडसावतो. २०२० मध्ये घोषित झालेल्या 'पीएम ई-विद्या' उपक्रमात 'एक वर्ग, एक वाहिनी' या तत्त्वावर पहिली ते बारावीसाठी बारा वाहिन्या योजण्यात आल्या. डीडी फ्री डिशवर त्यांना मासिक शुल्क पडत नाही. परंतु पाचवीच्या खोलीत पाचवीची व सातवीच्या खोलीत सातवीची वाहिनी एकाच वेळी लागणार नसेल, तर दोन संच घेऊनही उपयोग एकाचाच.

मूळ तत्त्व पाटाच्या पाण्यासारखे आहे. एक पाट दोन वाफ्यांत वळविला की प्रत्येकास निम्मे पाणी मिळते. स्प्लिटरने संकेत दोन संचांना वाटला, तर प्रत्येकाकडे निम्म्याहून थोडी कमीच शक्ती पोहोचते. चार वाटे केल्यास पाव. तारा नुसत्या सोलून एकमेकींना पिळणे ही याहून वाईट रीत होय. केबल, स्प्लिटर व संच यांचा ७५ ओहमचा मेळ त्यामुळे बिघडतो आणि संकेताचा काही भाग परत फिरतो. जुन्या ॲनालॉग संचावर अशा वेळी चित्राशेजारी पडछाया दिसे. डिजिटल संच तशी आगाऊ सूचना देत नाही. विशिष्ट मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ असते. तिच्याखाली ते चौकटी-चौकटींत फुटते आणि मग नाहीसे होते.

छत्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिच्या तोंडाशी बसविलेला 'एलएनबी' उपग्रहाकडून आलेल्या लहरी केबलमधून जाऊ शकतील अशा कमी कंप्रतेत आणतो. कोणत्या लहरी घ्यावयाच्या, हे त्याला सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून कळवितो: उभ्या ध्रुवणासाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८ व्होल्ट. साध्या स्प्लिटरवर दोन बॉक्स जोडले आणि एकाने १३, दुसऱ्याने १८ व्होल्ट मागितले, की एकाच एलएनबीला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. दोघांची मागणी सारखी असेपर्यंत दोष ध्यानात येत नाही. म्हणूनच जोडणीच्या दिवशी सर्व ठीक दिसते व तक्रार नंतर उद्भवते.

यावर खरा उपाय म्हणजे दोन, चार किंवा आठ जोडमुखांचा एलएनबी. छत्री एकच राहते. प्रत्येक संचास मात्र स्वतंत्र केबल व स्वतंत्र बॉक्स लागतो. खर्च थोडा वाढतो, पण तो एकदाच. संच आठांहून अधिक असल्यास 'मल्टिस्विच' लावावा लागतो व ते काम जाणकाराकडेच द्यावे. घरात सर्वांना एकच कार्यक्रम पाहावयाचा असेल, तर एका बॉक्समधून निघालेले चित्र दोन संचांना वाटून देणे पुरेसे आहे. शाळेला हा स्वस्त मार्ग उपयोगी नाही. खरेदीच्या मागणीपत्रात केवळ 'डिश जोडणी' असे मोघम न लिहिता, किती खोल्यांत स्वतंत्र वाहिनी हवी हे स्पष्ट नमूद करावे.

संकेत क्षीण झाल्यावर ॲम्प्लिफायर आणण्याकडे कल असतो. तो केबलच्या शेवटी, संचाजवळ बसविल्यास संकेताबरोबर वाटेत मिसळलेला गोंगाटही वाढवितो. केबल लांब असेल तर तो छत्रीच्या बाजूस हवा. मुळात छत्रीचा रोखच चुकला असेल, तर ॲम्प्लिफायरने काहीही साधत नाही. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने महाराष्ट्रातून छत्री आग्नेयेस वळवावी लागते; त्या दिशेला आज लहान असलेले झाड चार पावसाळ्यांनी आड येऊ शकते.

केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून पडते. छत्रीचा लोखंडी खांब भूसंपर्कित करावा आणि वीज कडाडू लागण्यापूर्वीच केबल व विजेचा प्लग दोन्ही काढून ठेवावेत. एका छत्रीवर चार संच असले, तर ही दक्षता चारही खोल्यांत घ्यावी लागते.