पणजोबा लंडनच्या वर्कहाऊसमध्ये होते का?

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. लंडनला ते काही दिवस ‘गरिबांच्या मोठ्या घरात’ राहिले, असं घरात सांगतात. ते वर्कहाऊस होतं का? ती इमारत अजून आहे का?
– एक वाचक, मांडवी, रत्नागिरी

उत्तर : बहुधा वर्कहाऊस नव्हे, आणि इमारतही आता नाही. पण तुमच्या घरच्यांची गल्लत अगदी अकारण नाही.

आधी वर्कहाऊस म्हणजे काय ते पाहू. १८३४ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये असं धोरण ठरलं, की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्यानं या घरात येऊन राहावं. आत नवरा, बायको, मुलं वेगवेगळ्या दालनांत. जेवण बेताचं, काम जिवावर येणारं : दगड फोडायचे, नाहीतर डांबर लागलेले जुने दोर उसवून त्यांचे तंतू मोकळे करायचे. हे तंतू लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला जात. मांडवीकरांना हे वेगळं सांगायला नको. बरेच लोक समजतात तसा हा तुरुंग नव्हता. आगाऊ सांगून बाहेर पडता येई. कोणी सुखासुखी आत येऊ नये, एवढी काळजी मात्र सरकारनं मनापासून घेतली होती.

याचा खर्च स्थानिक करदात्यांवर पडे. साहजिकच प्रत्येक भाग ‘हा गरीब आमचा नव्हे’ म्हणायला टपलेला. मग रत्नागिरीचा खलाशी त्यांचा कसा होणार?

तो तिथे अडके का, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. शिडांच्या काळात ब्रिटिश जहाजावर तीन चतुर्थांश माणसं ब्रिटिश हवीत, असा नियम होता. १८२३ च्या कायद्यानं तर हिंदी खलाशी या हिशेबात ब्रिटिश नाहीत, हे स्पष्टच केलं. त्यामुळे येताना राबलेला खलाशी परतीला कामगार म्हणून नको असे. परतीचं जहाज मिळेपर्यंत तो लंडनच्या थंडीत बसून राही. ईस्ट इंडिया कंपनीनं शॅडवेल भागात या लोकांची सोय केली होती. ती इतकी वाईट होती, की १८१४-१५ मध्ये पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. १८४९ मध्ये नौकानयनाचे जुने कायदे रद्द झाले, पण आजारी पडलेले आणि बोट चुकलेले खलाशी रस्त्यावर दिसतच राहिले.

यावर उपाय म्हणून मिशनरी आणि काही निवृत्त अधिकाऱ्यांनी वर्गणी काढली. महाराजा दुलीपसिंगांनी ५०० पौंड दिले. १८५६ मध्ये राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी कोनशिला बसवली आणि १८५७ मध्ये लाइमहाऊस भागात, वेस्ट इंडिया डॉक रोडवर, घर सुरू झालं. त्याचं नाव ‘स्ट्रेंजर्स होम फॉर एशियाटिक्स, आफ्रिकन्स अँड साउथ सी आयलंडर्स’. एवढी पाटी वाचेपर्यंत पाहुण्याला झोप आली असेल! इथे राहणारा सहसा पैसे भरून राही. त्याचे पैसे सांभाळून ठेवत, परतीची बोट पाहून देत. जोसेफ सॉल्टर नावाचे मिशनरी धर्मोपदेशही करत. तो फुकट होता.

गंमत म्हणजे याच काळात हिंदुस्थानात उलटा प्रकार चालू होता. १८६९ चा आणि मग १८७४ चा युरोपीय भटक्यांविषयीचा कायदा पाहा. भीक मागत फिरणाऱ्या गोऱ्यांना ठेवण्यासाठी इथे सरकारी वर्कहाऊसची तरतूद झाली, आणि त्यांना बोटीत बसवून परत पाठवण्याचीही. उपाशी साहेब लोकांच्या नजरेस पडणं राज्यकर्त्यांना परवडणारं नव्हतं.

लाइमहाऊसचं ते घर १९३७ मध्ये बंद झालं आणि पुढे पाडलं गेलं. पणजोबा तिथे होते का, हे पाहायचं तर बोटीवरच्या नोकरीचं त्यांचं नोंदपुस्तक शोधा. लंडनला उतरल्याची आणि पुढच्या बोटीवर चढल्याची तारीख यांत अंतर असेल, तर ते जमिनीवर राहिले होते एवढं नक्की. १९१५ च्या ब्रिटिश जहाजांवरील नोकरांच्या याद्या ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमनं जपल्या आहेत. तिथे नाव शोधताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नका. कारकून साहेबांनी कोकणी नावांचे जे हाल केले आहेत, ते पाहून पणजोबाही स्वतःला ओळखणार नाहीत.